उणे दोन माकडं

या भागात आकडे जरा जास्त आहेत, आणि आकडे नुसते ऐकले की कानावरून जातात, हे मला रेकॉर्ड करतानाच जाणवलं होतं. म्हणून हे लेखी रूप बोललो त्यापेक्षा थोडं सविस्तर केलंय. कागद-पेन जवळ असेल तर घ्या. नसेल तर फोनमधला कॅल्क्युलेटर आहेच.

तर, गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला माझ्या भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. ती अकरावी सायन्सला आहे. फोटोत वहीचं पान, पानावर इक्विलिब्रियमचं एक गणित, गणिताच्या शेवटी दोन उत्तरं आणि खाली मेसेज: "मामा, यातलं कुठलं टाकू?"

गणित असं होतं. एका भांड्यात १ मोल ॲसिटिक ॲसिड, २ मोल अल्कोहोल, ३ मोल एस्टर आणि ४ मोल पाणी एकत्र केलंय. समतोल स्थिरांक ४. समतोल आल्यावर भांड्यात काय किती असेल? पोरीने समीकरण बरोबर मांडलं होतं, सूत्रात आकडे बरोबर घातले होते, आणि तिला क्षच्या दोन किमती मिळाल्या होत्या: ६.५४ आणि उणे ०.२०. त्यातल्या उणे ०.२० वर तिने काट मारली होती, कारण क्लासच्या सरांचा नियम आहे की उणे मूळ आलं की खोडायचं. पण उरलेलं ६.५४ घेऊन पुढे गेली तर ॲसिड शिल्लक राहत होतं १ वजा ६.५४, म्हणजे उणे साडेपाच मोल. त्याच्यापुढे तिने तीन प्रश्नचिन्हं काढली होती.

मी लिहिलं, "उद्या सांगतो."

उत्तर मला माहीत होतं, तरी लगेच देववेना. कारण हाच नियम मीही पाठ केला होता. वीसेक वर्षांपूर्वी, एका क्लासच्या सराव परीक्षेत, अशाच एका गणितात मी उणे मूळ खोडलं आणि उत्तर चुकलं. सरांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "अपवाद असतात, पुढचं बघ." आयुष्य त्यामुळे बदललं वगैरे काही नाही. पण अपवाद कधी असतात आणि ते आधी ओळखायचे कसे, हे कोणी सांगितलं नाही, आणि मी पुढची दोन वर्षं इक्विलिब्रियमचं प्रत्येक गणित नशिबावर हवाला ठेवून सोडवलं. भाचीचं तसं होऊ नये असं वाटलं. मग म्हटलं, हा क्ष रसायनशास्त्रात आला कुठून तेच जाऊन बघू.

ज्यांनी दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकला त्यांच्यासाठी आधी एवढंच: काही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालतात. ॲसिड आणि अल्कोहोल मिळून एस्टर आणि पाणी होतं, आणि त्याच भांड्यात एस्टर आणि पाणी मिळून पुन्हा ॲसिड आणि अल्कोहोलही होत असतं. काही काळाने दोन्हींचा वेग सारखा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं थांबलं. त्याला रासायनिक समतोल म्हणायचं.

ही गोष्ट लक्षात यायलाच फार वेळ लागला. अठराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी होती की कुठल्या पदार्थाला कुठला पदार्थ जास्त 'आवडतो' हे ठरलेलं असतं, आणि अभिक्रिया त्या आवडीनुसार एकाच दिशेने जाते. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याने सैन्याबरोबर विद्वानांची एक मोठी पलटणही नेली होती. त्यात क्लोद लुई बर्तोले हा रसायनशास्त्रज्ञ होता. तिथल्या नॅट्रॉनच्या तळ्यांच्या काठावर त्याला धुण्याच्या सोड्याचे थर साचलेले दिसले. प्रयोगशाळेत काय होतं? सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की खडू खाली बसतो आणि मीठ उरतं. तळ्यावर नेमकं उलटं चाललं होतं: मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा होत होता. बर्तोलेच्या डोक्यात प्रकाश पडला. तळ्यात मीठ अफाट आहे, चुनखडीही अफाट आहे. म्हणजे कुठला पदार्थ आहे याबरोबर तो किती आहे यावरही दिशा ठरते. १८०३ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. दुर्दैव असं की त्याच सुमारास तो दुसऱ्या एका वादात, संयुगांमध्ये मूलद्रव्यांचं प्रमाण ठरलेलं असतं की नाही या वादात, चुकीच्या बाजूला उभा राहिला. तिथे हरला, आणि त्याचं बरोबर असलेलं म्हणणंही मागे पडलं.

पुढचे फ्रेंच गृहस्थ आहेत मार्सेलाँ बर्तलो. हो, बर्तोले आणि बर्तलो, ही वेगवेगळी माणसं आहेत. मीही रेकॉर्डिंगमध्ये दोनदा अडखळलोय. या बर्तलोने पेआँ द सें-जिल या सहकाऱ्याबरोबर १८६२ च्या सुमारास एक चिकाटीचं काम केलं. ॲसिड आणि अल्कोहोल काचेच्या बंद नळ्यांमध्ये ठेवायचं, वाट बघायची, मग नळी फोडून किती ॲसिड उरलं ते मोजायचं. ही अभिक्रिया मोठी संथ. पण कितीही थांबा, १ मोल ॲसिड आणि १ मोल अल्कोहोल घेतलं तर एस्टर दोन तृतीयांश मोलपाशी येऊन अडतं. आणि उलट बाजूने, एस्टर आणि पाणी घेऊन सुरुवात केली तरी गाडी त्याच दोन तृतीयांशच्या स्टेशनावर येऊन थांबते.

हे दोन तृतीयांश लक्षात ठेवा.

आता जाऊ नॉर्वेत. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. तिथे विद्यापीठातले दोन मित्र होते: पीटर वागे हा रसायनशास्त्रज्ञ आणि काटो गुल्डबर्ग हा गणिती. दोघांनी एकाच घरातल्या बहिणींशी लग्न केलं होतं, म्हणजे आपल्या भाषेत ते साडू. पुढे वागेची बायको वारली आणि १८७० साली त्याने गुल्डबर्गच्या बहिणीशी लग्न केलं, म्हणजे साडूचे मेव्हणेही झाले. (मराठीत हे नातं एका शब्दात सांगता येतं, इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. असो.)

या दोघांनी १५ मार्च १८६४ रोजी तिथल्या विज्ञान अकादमीपुढे आपला नियम मांडला. अभिक्रिया पुढे ढकलणारं बळ हे भाग घेणाऱ्या पदार्थांच्या 'क्रियाशील वस्तुमानां'वर, आजच्या भाषेत संहतींवर, अवलंबून असतं. मागे ढकलणारं बळही तसंच. आणि दोन्ही सारखी झाली की समतोल. सुरुवातीच्या मांडणीत प्रत्येक संहतीवर प्रयोगातून काढलेले वेगवेगळे घातांक होते, ते प्रकरण जरा किचकट होतं. १८६७ साली त्यांनी फ्रेंचमध्ये सुधारित मांडणी छापली, त्यात साधा गुणाकार आला. आणि त्याच मांडणीत आपला क्ष आहे.

त्यांची युक्ती साधी होती. चार पदार्थ, चारही अज्ञात, मग चार समीकरणं कुठून आणायची? पण ॲसिड जितकं घटेल तितकंच अल्कोहोल घटेल, आणि तितकंच एस्टर आणि पाणी वाढेल. म्हणजे अज्ञात खरं तर एकच आहे: किती बदल झाला. तो क्ष. पहिल्या दोघांमधून तो वजा करायचा, दुसऱ्या दोघांमध्ये मिळवायचा. आज क्लासमध्ये जो तीन ओळींचा 'आइस टेबल' फळ्यावर काढतात, त्यातली कल्पना हीच.

आणि इथेच वर्गसमीकरण जन्माला येतं, कारण दोन संहतींचा गुणाकार म्हणजे क्ष गुणिले क्ष.

बर्तलोच्या नळीवर लावून बघू. सुरुवातीला ॲसिड १, अल्कोहोल १, एस्टर ०, पाणी ०. समतोलाला ॲसिड १ − क्ष, अल्कोहोल १ − क्ष, एस्टर क्ष, पाणी क्ष. दोन्हीकडे पदार्थांची संख्या सारखी असल्यामुळे भांड्याचं आकारमान वरखाली कटून जातं, त्यामुळे मोलवरच काम भागतं. स्थिरांक ४ धरला तर:

क्ष × क्ष = ४ × (१ − क्ष) × (१ − क्ष)

दोन्ही बाजू पूर्ण वर्ग आहेत, तेव्हा इथे सूत्रही नको. वर्गमूळ घ्या. क्ष भागिले (१ − क्ष) म्हणजे अधिक २ किंवा उणे २. अधिक २ घेतलं तर क्ष = २/३. बर्तलोचं स्टेशन आलं! उणे २ घेतलं तर क्ष = २.

आता थांबा. दोन मुळं आली, २/३ आणि २, आणि दोन्ही अधिक आहेत. 'उणे खोडा' हा नियम इथे काहीच बोलत नाही. पण क्ष = २ म्हणजे १ मोल ॲसिडातून २ मोल वापरलं गेलं. शिल्लक उणे १. वरून अधिक दिसणाऱ्या मुळाच्या पोटात उणे लपलंय.

आता तीच नळी दुसऱ्या टोकाने. ॲसिड ०, अल्कोहोल ०, एस्टर १, पाणी १. क्षचा अर्थ तोच ठेवू, पुढच्या दिशेने झालेला बदल:

(१ + क्ष) × (१ + क्ष) = ४ × (० − क्ष) × (० − क्ष)

सोडवलं की मुळं येतात १ आणि उणे १/३. नियमाप्रमाणे उणे १/३ खोडा आणि १ ठेवा, तर ॲसिड येतं उणे १. साफ चूक. उणे १/३ ठेवा: ॲसिड १/३, अल्कोहोल १/३, एस्टर २/३, पाणी २/३. पुन्हा तेच स्टेशन. इथे उणे चिन्ह फक्त एवढंच सांगतंय की गाडी मागे गेली. सुरुवातीला एस्टर जास्त होतं, ती मागेच जाणार होती.

माझ्या भाचीच्या गणितात नेमकं हेच झालं होतं. एस्टर ३, पाणी ४, गुणाकार १२. ॲसिड १, अल्कोहोल २, गुणाकार २. बारा भागिले दोन सहा. सहा हे चारपेक्षा मोठं, म्हणजे उजवीकडे गर्दी जास्त झालीय, गाडी मागे येणार, क्ष उणे असणार. सूत्राला हात लावायच्या आधीच हे कळतं.

हे दोघे साडू एवढं करून बसले आणि जगाने काय केलं? काही नाही. १८६४ चा निबंध नॉर्वेजियन भाषेत होता, तो देशाबाहेर फारसा कोणी वाचला नाही. १८६७ चा फ्रेंच निबंधही फार लोकांपर्यंत पोचला नाही. १८७७ साली डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ स्वतंत्रपणे त्याच नियमापर्यंत आला. मग गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८७९ साली आपलं सगळं काम जर्मनमध्ये, एका नावाजलेल्या नियतकालिकात नव्याने मांडलं, तेव्हा कुठे श्रेय त्यांच्या पदरात पडलं. पंधरा वर्षं. मराठीत पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला हा भाग जरा लागतो, पण तो विषय आज नको.

आता सूत्राकडे. सगळीच समीकरणं पूर्ण वर्ग नसतात. भाचीचं समीकरण सोडवून आलं होतं ३क्ष² − १९क्ष − ४ = ०. याचे अवयव पाडत बसलात तर रात्र जाईल. इथे सूत्रच लागतं.

ब्राझीलमध्ये शाळेतली मुलं या सूत्राला 'भास्कराचं सूत्र' म्हणतात. आपल्याकडे तसं कोणी म्हणत नाही, आणि भास्कराचार्यांनाही ते आवडलं नसतं, कारण ११५० साली पूर्ण झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या 'बीजगणित' या भागात त्यांनी ही रीत स्वतःची म्हणून दिलेलीच नाही. ती श्रीधराचार्यांची आहे असं स्पष्ट सांगून दिली. श्रीधर त्यांच्याआधी काही शतकं होऊन गेले. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ हरवला, पण ही एक रीत भास्करांनी नाव घेऊन सांगितल्यामुळे आपल्यापर्यंत पोचली. वर्गसमीकरणं त्याआधी ब्रह्मगुप्तानेही सोडवली होती, पुढे बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने वेगळ्या पद्धतीने सोडवली, तेव्हा एकच मालक शोधत बसू नका.

श्रीधरांची रीत पुस्तकातल्या सूत्रापेक्षा मला जास्त आवडते, कारण ती करताना आपण काय करतोय ते दिसतं. क्ष² च्या सहगुणकाची चौपट घ्या, तिने दोन्ही बाजूंना गुणा. मग क्षच्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा. डावी बाजू पूर्ण वर्ग होते. वर्गमूळ घ्या, झालं. दहावीत पाठ केलेलं सूत्र म्हणजे याच पायऱ्या एका ओळीत कोंबलेल्या.

आणि आता माकडं.

'बीजगणिता'त भास्करांनी माकडांच्या कळपाची दोन गणितं दिली आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडं रानात खेळतायत आणि उरलेली १२ टेकडीवर ओरडतायत. एकूण किती? उत्तरं येतात ४८ आणि १६. पडताळून बघा: ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, अठ्ठेचाळीस. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, सोळा. दोन्ही बरोबर, आणि भास्करांनी दोन्ही घेतली.

दुसरं गणित: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर चढलेलं दिसतंय. एकूण किती? मांडलं की येतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०. श्रीधरांच्या रीतीने, २५० पलीकडे नेऊन चारने गुणा आणि ५५ चा वर्ग ३०२५ मिळवा:

(२क्ष − ५५)² = २०२५

२०२५ चं वर्गमूळ ४५. म्हणून क्ष = ५० किंवा क्ष = ५.

दोन्ही अधिक. दोन्ही पूर्णांक. दोन्ही समीकरणात चपखल बसतात. आणि इथे भास्करांनी ५ नाकारलं. का? पाच माकडांचा पाचवा भाग १. त्यातून ३ वजा केले की उणे २. उणे दोनचा वर्ग चार येतो म्हणून समीकरण खूश आहे, पण त्या वर्गाच्या आत उणे दोन माकडं बसलीत. लोकांना अशा उणे राशीची प्रचिती येत नाही, अशा अर्थाचं कारण देऊन त्यांनी ते उत्तर सोडून दिलं.

हे वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो. माझ्या सरांचा नियम होता, 'उत्तर उणे आलं की खोडा.' साडेआठशे वर्षांपूर्वीचा माणूस उत्तर उणे आहे का हे बघतच नव्हता. तो उत्तर घेऊन पुन्हा गोष्टीत जात होता, गुहेपाशी उभा राहून माकडं मोजत होता. पहिल्या गणितात दोन्ही उत्तरं गोष्टीत बसली, दोन्ही ठेवली. दुसऱ्यात एक बसलं नाही, सोडलं. बर्तलोच्या नळीतलं क्ष = २ आणि या गणितातलं ५ ही एकाच जातीची मुळं आहेत.

हे भास्कर आपल्यापासून फार लांबचे नाहीत, हेही जाता जाता सांगतो. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडवीड हे आपलं गाव असं त्यांनीच लिहून ठेवलंय. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. त्या मठाला दिलेल्या दानाचा शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख तिथे आहे, आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तो उजेडात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पाटणादेवीला ट्रेकला जाणाऱ्यांपैकी किती जण हे बघून येतात, कोण जाणे.

बरं, मग सरांचा नियम आला कुठून? तो अगदीच हवेतून आलेला नाही. माझा अंदाज सांगतो.

१८८४ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात स्वांते अऱ्हेनियस या तरुणाने प्रबंध दिला. पुढे त्यातूनच, पाण्यात विरघळलेलं ॲसिड आपोआप आयनांमध्ये फुटतं, हा त्याचा सिद्धान्त तयार झाला. परीक्षकांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. पण रीगाच्या विल्हेल्म ओस्टवाल्डला तो पटला, आणि तो मुद्दाम भेटायला उप्सालाला गेला. १८८८ साली ओस्टवाल्डने गुल्डबर्ग-वागेंचा नियम या फुटण्यावर लावला. सौम्य ॲसिडाचा थोडा भाग फुटतो, बाकीचा अखंड राहतो, दोघांमध्ये समतोल. फुटलेला भाग क्ष धरला की पुन्हा वर्गसमीकरण. द्रावणातून वीज किती वाहते ते मोजून क्ष काढायचा, वेगवेगळ्या संहतींना स्थिरांक तोच येतो का बघायचं. कितीतरी सेंद्रिय आम्लांना तो तोच आला, आणि अऱ्हेनियसचं पारडं जड झालं. त्याला १९०३ साली नोबेल मिळालं, ओस्टवाल्डला १९०९ साली.

ॲसिटिक ॲसिडच घ्या, म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिड. स्थिरांक ०.००००१८. संहती ०.१ असेल तर:

क्ष² + ०.००००१८ क्ष − ०.०००००१८ = ०

या समीकरणाचं शेवटचं पद नेहमी उणे असतं, म्हणजे दोन मुळांचा गुणाकार उणे, म्हणजे एक मूळ अधिक आणि एक उणे. कायम. आणि सुरुवातीला आयन शून्य धरलेले असतात, तेव्हा मागे जायला जागाच नाही. त्यामुळे इथे 'उणे खोडा' हा नियम दर वेळी बरोबर ठरतो. अकरावी-बारावीत सौम्य ॲसिडाची गणितं ढिगाने असतात. शंभर वेळा नियम चालला की तो नियम वाटायला लागतो, आणि मग तो एस्टरच्या गणितावरही लावला जातो.

याच गणितात आणखी एक पळवाट शिकवतात, ती खरी उपयोगाची आहे. क्ष फार छोटा असेल तर ०.१ − क्ष म्हणजे जवळपास ०.१ च. मग मधलं पद गळून जातं आणि नुसतं वर्गमूळ काढून भागतं: क्ष = ०.००१३४. सूत्राने नीट सोडवलं तर ०.००१३३. फरक एक टक्क्याच्याही आत. कॅल्क्युलेटर नव्हते त्या काळात ही सूट म्हणजे वरदानच. पण तेच ॲसिड हजारपट पातळ करा, संहती ०.०००१. आता पळवाटेने येतं ०.००००४२ आणि सूत्राने येतं ०.००००३४. म्हणजे एक म्हणतं ४२ टक्के फुटलं, दुसरं म्हणतं ३४ टक्के. ॲसिड पातळ केलं की त्याचा मोठा हिस्सा फुटतो, मग 'क्ष फार छोटा' हे गृहीतच कोसळतं. परीक्षेत पर्याय देणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, आणि ०.००००४२ हा पर्याय 'अ' म्हणून ठेवलेला असतो.

आता मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट. भास्करांच्या पहिल्या गणितात दोन्ही उत्तरं खरी निघाली. रसायनात असं होऊ शकतं का? एकाच भांड्याला दोन समतोल?

भाचीचं भांडं घ्या. क्ष किती मोठा होऊ शकतो? ॲसिड १ मोल आहे, तेव्हा जास्तीत जास्त १. किती मागे जाऊ शकतो? एस्टर ३ मोल आहे, तेव्हा जास्तीत जास्त उणे ३. या दोन भिंती. उणे ३ च्या भिंतीपाशी एस्टर संपलेलं, म्हणजे उजवीकडचा गुणाकार शून्य आणि गुणोत्तर शून्य. तिथून पुढे सरकायला लागा: एस्टर आणि पाणी वाढतंय, ॲसिड आणि अल्कोहोल घटतंय, गुणोत्तर वाढत वाढतच जातंय, कुठेही मागे फिरत नाही. १ च्या भिंतीपाशी ॲसिड संपतं आणि गुणोत्तर अनंताकडे जातं. शून्यापासून अनंतापर्यंत एकदाही मागे न फिरता चढणारी वाट ४ ला किती वेळा ओलांडेल? एकदाच. म्हणजे भिंतींच्या आत एकच मूळ असणार, दुसरं असलंच तर भिंतीबाहेर. ६.५४ कुठे आहे? भिंतीपासून साडेपाच घरं लांब. उणे ०.२० कुठे आहे? आत, आरामात.

पडताळा करून टाकू. क्ष = उणे ०.२०४ घेतलं तर ॲसिड १.२०४, अल्कोहोल २.२०४, एस्टर २.७९६, पाणी ३.७९६. शेवटच्या दोघांचा गुणाकार १०.६१, पहिल्या दोघांचा २.६५. भागाकार ४.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. माकडांपाशी ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे मामा, उणे बरोबर?"

"या गणितात, हो."

"मग सरांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. ६.५४ घेतल्यावर ॲसिड किती उरलं, एवढंच विचार."

तिने विचारलं की नाही, मला माहीत नाही. चार दिवसांनी तिचा अजून एक फोटो आला. वेगळं गणित, हायड्रोजन आणि आयोडीनचं. यावेळी प्रश्न काही नव्हता, नुसताच फोटो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, समीकरण मांडायच्याही आधी, तिने एक आडवी रेघ काढली होती, रेघेवर दोन उभ्या भिंती, आणि भिंतींच्या बाहेर, उजवीकडे, एक छोटंसं माकड.